माजघरांतील वेधशाळा

गेल्या आषाढांत आमचेकडे आलेले एक वृद्ध स्नेही माजघरांत बसले असतां त्यांची दृष्टि खिडकीजवळच्या फळीवर गेली. तेथें साबणाच्या वडीएवढें एक यंत्र ठेविलेलें असून त्याचा बारीक दिवा मधून मधून लुकलुकत होता. "हें काय नवीन?" असें त्यांनीं विचारिलें. "ही आमची वेधशाळा," असें आम्हीं उत्तर दिलें, तेव्हां आम्ही थट्टा करीत आहों असें त्यांस वाटलें. परंतु ती थट्टा नव्हती. हें यंत्र अहोरात्र इंटरनेटचे वेध घेत असतें. आणि तें आमच्या घरीं असलें, तरी त्याचे वेध केवळ आमच्यापुरते नसून सर्वांकरितां आहेत. स्नेह्यांनीं पुढें जे प्रश्न विचारिले त्यांचीं उत्तरें देतां देतां असें मनांत आलें कीं, हा विषय या सदरांत एकदां मांडावा. कारण ज्यांत इंटरनेट नाहीं असें घर आमच्या वाचकवर्गांत आतां विरळा, आणि ज्यांत त्याविषयीं तक्रार नाहीं असें घर तर त्याहूनहि विरळा.

"आज इंटरनेट फार मंद आहे" हें वाक्य घरोघर ऐकूं येतें. पण मंद म्हणजे किती, केव्हांपासून, आणि कोठें? घरांत, गल्लींतल्या तारेंत, कंपनीच्या कचेरींत, कीं समुद्राच्या तळाशीं? असें विचारिलें म्हणजे बोलणारा गप्प बसतो. पावसाविषयीं असेंच आहे. "यंदा पाऊस फार झाला" असें म्हणणारे पुष्कळ; परंतु पर्जन्यमापकांत किती पाणी सांचलें हें जो रोज सकाळीं पाहून लिहून ठेवितो, त्याच्याच बोलण्यास वजन येतें. १९२८ सालीं हवामानखात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली, आणि पुढें मुख्य कचेरी दिल्लीस गेली तरी पुणेकर त्या जागेस अजूनहि सिमला ऑफिस म्हणतात. त्या खात्याच्या कामाचें मर्म हेंच कीं, ठिकठिकाणच्या लहानसहान केंद्रांत घेतलेल्या नोंदी एकत्र आल्याखेरीज देशावरच्या हवेचें चित्र उमटत नाहीं. एकट्या पर्जन्यमापकाची किंमत थोडी; पण तो नसेल तर नकाशांत तेवढी जागा कोरी राहते.

आमच्या घराण्यांतून पंचांगाचा वाद ठाऊक नाहीं असें वडील माणूस क्वचितच सांपडेल. केरूनाना छत्रे (१८२५–१८८४) आणि त्यांच्या मागून व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनीं जो आग्रह धरिला, त्याचें सार एका वाक्यांत सांगतां येतें: गणितानें काढलेला ग्रह आकाशांत त्याच जागीं दिसला पाहिजे. यास दृक्प्रत्यय म्हणतात. पोथींत काय लिहिलें आहे, किंवा आपल्यास काय असावेंसें वाटतें, यापेक्षां डोळ्यांस काय दिसतें हें मोठें. इंटरनेटच्या बाबतींत कंपनीचें जाहिरातपत्रक ही एक पोथी, आणि आपली चिडचिड ही दुसरी. दृक्प्रत्यय मात्र कोणी घेत नाहीं. आमच्या फळीवरचें यंत्र तो घेतें.

आतां या यंत्राची माहिती. हॉलंडांतील ॲम्स्टरडॅम शहरीं राइप एनसीसी नांवाची एक संस्था १९९२ पासून आहे. युरोप, मध्यपूर्व व मध्य आशियाचा कांहीं भाग येथील जाळ्यांस इंटरनेटचे क्रमांक वांटून देणें व त्यांची नोंद ठेवणें हें तिचें मुख्य काम. आपल्या भागाकरितां असेंच काम ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील एपनिक ही संस्था करते. राइपनें २०१० सालच्या अखेरीस राइप ॲटलस या नांवाचा एक उपक्रम सुरू केला. त्याची कल्पना अशी कीं, जगांतील स्वयंसेवकांनीं आपापल्या घरच्या किंवा कचेरीच्या जोडणीस एक लहानसें यंत्र लावून द्यावें. त्यास प्रोब म्हणतात. प्रोबानें नेमून दिलेलीं मापें घ्यावींत, तीं मध्यवर्ती ठिकाणीं पाठवावींत, आणि तीं कोणासहि पाहावयास मिळावींत. आज दीडशेंहून अधिक देशांत मिळून बारा हजारांहून अधिक प्रोब जोडलेले आहेत. मात्र ही संख्या सर्वत्र सारखी पसरलेली नाहीं. त्यांतील मोठा भाग युरोपांत आहे, आणि हिंदुस्थानच्या लोकसंख्येच्या मानानें आपल्याकडील प्रोब अगदींच थोडे. म्हणून येथील एकेका नोंदीचें मोल अधिक.

आमच्याकडचें यंत्र आमच्या भाच्यानें आणिलें. तो जाळ्यांच्याच धंद्यांत आहे, आणि एका परिषदेंत त्यास तें विनामूल्य मिळालें होतें. २०२० पासून वेगळें यंत्र नसलें तरी आपल्या संगणकावर तोच कार्यक्रम चालवितां येतो, अशीहि सोय झाली आहे. मांडणी इतकी सोपी कीं, एक तार राउटरला, एक तार विजेला, आणि यंत्राचा क्रमांक संस्थेच्या वहींत नोंदविला कीं काम संपलें. बटण नाहीं, पडदा नाहीं, आवाज नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं पहिल्या दिवशीं विचारिलें, "हें आपल्याकरितां करतें तरी काय?" आणि या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस त्या दिवशीं जड गेलें.

तें करतें काय, हें आतां सांगतों. त्याचें पहिलें माप पिंग. १९८३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील माइक म्यूस यांनीं हा छोटासा कार्यक्रम लिहिला, आणि पाणबुडीचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या नादावरून त्यास हें नांव दिलें. विहिरींत हांक मारावी आणि प्रतिध्वनि परत येईपर्यंत मोजावें, तसा हा प्रकार. एक लहानसें पाकीट दूरच्या संगणकाकडे पाठवावयाचें. त्यानें तें परत धाडावयाचें. जाऊन येण्यास किती मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा किती हजारावा भाग, लागला हें लिहून ठेवावयाचें. पाकीट परतच आलें नाहीं तर तेंहि लिहावयाचें.

दुसरें माप ट्रेसरूट. हें व्हॅन जेकबसन यांनीं तयार केलें, आणि त्यांतील युक्ति फार मौजेची आहे. इंटरनेटवरील प्रत्येक पाकिटावर एक आंकडा असतो. वाटेंतील प्रत्येक टप्प्यावर तो एकानें कमी होतो, आणि शून्य झाला कीं पाकीट टाकून देऊन "तुमचें पाकीट येथें संपलें" असा निरोप मागें पाठविण्याचा प्रघात आहे. म्हणून पहिल्या पाकिटावर मुद्दामच एक लिहावयाचा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. ज्या ज्या ठिकाणाहून निरोप येईल तीं तीं ठिकाणें क्रमानें मांडलीं कीं सारी वाट डोळ्यांपुढें उभी राहते. आळंदीहून निघालेली पालखी पंढरपुरास कोणत्या मुक्कामांनीं गेली हें घरबसल्या कळावें, तसेंच हें. कांहीं ठिकाणें मुळींच उत्तर देत नाहींत. तेथें यादींत नुसती फुली दिसते. याखेरीज नांवावरून क्रमांक सांगणारी व्यवस्था नीट उत्तर देते कीं नाहीं, घड्याळांची जुळणी बरोबर आहे कीं नाहीं, सुरक्षित संकेतस्थळाचा दाखला कोणता मिळतो, हेंहि प्रोब तपासूं शकतो.

या मापांस अर्थ येतो तो निसर्गाच्या एका मर्यादेमुळें. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदांत दोनशें किलोमीटर. पुण्याहून ॲम्स्टरडॅम सरळ रेषेंत सुमारें सात हजार किलोमीटर. जाऊन येऊन चौदा हजार. तेव्हां सत्तर मिलिसेकंदांच्या आंत तेथून उत्तर येणें शक्यच नाहीं, मग कंपनीनें कितीहि मोठा वेग विकला असो. प्रत्यक्षांत तारा सरळ रेषेनें जात नाहींत. त्या मुंबईहून समुद्रांत उतरून तांबड्या समुद्रांतून वर जातात, वाटेंत अनेक यंत्रें पडतात, आणि वेळ बराच अधिक लागतो. हें गणित आमच्या नातवास आम्हीं कागदावर करून दाखविलें, तेव्हां भूगोल, पदार्थविज्ञान आणि आपल्या आत्याचें घर यांचा एकमेकांशीं संबंध आहे, हें त्यास पहिल्यानें उमगलें.

आत्याचें घर म्हणण्याचें कारण असें कीं, आमची कन्या हॉलंडांतच असते, आणि आतां जी गोष्ट सांगावयाची आहे ती तिच्याशीं होणाऱ्या संभाषणावरून सुरू झाली. ही गोष्ट आम्हांस भूषणावह नाहीं. पण तीच या लेखाचें खरें कारण आहे.

दर रविवारीं सायंकाळीं तिच्याशीं पडद्यावरून बोलणें व्हावयाचें. गेल्या दिवाळीनंतर या बोलण्यांत व्यत्यय येऊं लागला. चेहरा थिजावा, शब्द तुटावे, नात कांहीं सांगत असतां तिचें तोंड हलावें पण आवाज येऊं नये. आमच्या सौभाग्यवती आठवडाभर त्या अर्ध्या तासाची वाट पाहत असत. तो असा वायां गेला कीं रात्रीं त्यांचें जेवणाकडे लक्ष लागत नसे. आम्हीं कंपनीकडे तक्रार केली. एक तरुण दुरुस्तीकर आला, आपल्या यंत्रानें पाहिलें, आणि म्हणाला, "काका, लाइन ठीक आहे." तो गेला, पुढच्या रविवारीं तेंच. तो दुसऱ्यांदा आला, तेंच उत्तर. तिसऱ्यांदा आला तेव्हां आम्ही त्यास फार लागेल असें बोललों. तुम्हां लोकांस काम येत नाहीं, खोटें बोलून वेळ मारून नेतां, असे आमचे शब्द होते. तो उभ्यानेंच ऐकून गेला. तेवढ्यावर न थांबतां आम्हीं त्याच्या वरिष्ठांस एक पत्र लिहिलें. तें आम्हीं चांगल्या भाषेंत लिहिलें होतें, याचा त्या वेळीं आम्हांस अभिमान वाटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं भाच्यानें हा प्रोब आणून लावला. प्रोब इतर मापांबरोबर दोन अगदीं जवळचीं मापेंहि आपणहून घेत असतो: पहिल्या टप्प्याचें, म्हणजे घरच्या राउटरचें, आणि दुसऱ्या टप्प्याचें, म्हणजे राउटरच्या पलीकडील पहिल्या यंत्राचें. हीं मापें थोड्या थोड्या मिनिटांनीं घेतलीं जातात. तीन आठवड्यांनीं भाचा आला आणि आम्हीं त्याच्यापुढें रविवारचीं टांचणें ठेविलीं: साडेसहास आवाज तुटला, पावणेसातास चित्र थिजलें. त्यानें त्या वेळचीं मापें काढलीं. पहिला टप्पा स्थिर. दुसरा टप्पा स्थिर. ॲम्स्टरडॅमपर्यंतची वाटहि स्थिर. एकहि पाकीट हरवलें नव्हतें.

"मामा," तो हळूच म्हणाला, "प्रोब तारेनें जोडलेला आहे. तुमचा टॅब्लेट हवेंतून जोडलेला आहे. राउटर कोठें आहे?"

राउटर लोखंडी कपाटाच्या मागें होता. दिवाळीपूर्वीं घरास रंग दिला, तेव्हां भिंतीवर तो काळा डबा व त्याच्या लोंबणाऱ्या तारा बऱ्या दिसत नाहींत म्हणून आम्हींच तो तेथें सरकवून घेतला होता. लोखंडाच्या आड त्याचा बिनतारी संदेश माजघरांत पोंचेपर्यंत क्षीण होत होता. त्याच सायंकाळीं राउटर बाहेर काढून फळीवर ठेविला, आणि पुढच्या रविवारीं नातीचें संपूर्ण गाणें एकहि शब्द न तुटतां आम्हीं ऐकिलें. सौभाग्यवतींनीं आमच्याकडे एकदां पाहिलें. बोलल्या कांहीं नाहींत.

तो तरुण तीन वेळां खरेंच बोलला होता. लाइन ठीक होती. आम्हीं दुसरें पत्र लिहिलें, आणि तें पहिल्यापेक्षां लिहावयास पुष्कळ कठीण गेलें. त्यांत आमची चूक आम्हीं स्पष्ट कबूल केली व मापांचा आलेख सोबत जोडला. मग त्या मुलास चहास बोलाविलें. तो आला, संकोचानें बसला. बोलतां बोलतां असें कळलें कीं, आमच्या पहिल्या पत्रावरून त्याच्या पगारांतून कांहीं रक्कम कापली गेली होती. दुसऱ्या पत्रानंतर ती परत मिळाली काय, असें आम्हीं विचारिलें, तेव्हां तो नुसता हंसला आणि म्हणाला, "जाऊं द्या काका, चहा छान झाला आहे." आम्हीं ती रक्कम देऊं केली, त्यानें घेतली नाहीं. तें हंसणें आमच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं.

कोणास वाटेल कीं, मापाचा उपयोग कंपनीचें समर्थन करण्यापुरताच झाला. तसें नाहीं. यंदा पावसाळ्याच्या आरंभीं पुन्हां व्यत्यय येऊं लागला. या वेळीं आम्हीं आधीं माप पाहिलें, आणि मग तोंड उघडलें. पहिला टप्पा निर्मळ होता. परंतु दुसऱ्या टप्प्यापासून पाकिटें हरवत होतीं, आणि पाऊस पडल्यानंतर हरवणें वाढत होतें. तारीख व वेळ घालून तेवढेंच आम्हीं कळविलें. एकहि कठोर शब्द लिहिला नाहीं. दुसऱ्याच दिवशीं माणसें आलीं. इमारतीच्या गच्चीवरील पेटींत पाणी शिरलें होतें. तीच कंपनी, तेच आम्ही. परंतु पहिल्या वेळीं आमच्या हातीं राग होता आणि दुसऱ्या वेळीं नोंद होती. माप कोणाचा पक्ष घेत नाहीं. एकदां तें आमच्याविरुद्ध गेलें, एकदां आमच्या बाजूनें. आणि पहिलें मान्य केलें म्हणूनच दुसरें मागण्याचा अधिकार आम्हांस उरला.

येथवर झाला तो आमच्या घरचा लाभ. परंतु प्रोबाचा मुख्य उद्देश हा नव्हे. २०२४ च्या नोव्हेंबरच्या १७ व १८ तारखांस बाल्टिक समुद्रांतील दोन तारा तुटल्या. एक लिथुएनिया व स्वीडन यांमधील, आणि दुसरी फिनलंड व जर्मनी यांमधील. तारा कोणीं मुद्दाम तोडल्या काय, यावर राजकारणी पुरुषांच्या मुलाखती झडूं लागल्या. परंतु त्या देशांतील लोकांचें दळणवळण खरोखर किती बिघडलें, हा प्रश्न मापाचा होता. आणि ॲटलसच्या यंत्रांनीं तारा तुटण्यापूर्वीं, तुटतांना व नंतर घेतलेलीं मापें आधींच हातीं असल्यामुळें त्याचें उत्तर देतां आलें. कांहीं वाटांवर वेळ वाढला होता; पण पाकिटें हरवल्याचें म्हणण्यासारखें दिसलें नाहीं. एक मार्ग बंद झाला कीं पाकिटें दुसऱ्या मार्गानें वळतात, ही इंटरनेटच्या रचनेंतील गोष्ट येथें आंकड्यांनीं सिद्ध झाली. भीति निराधार होती असें नव्हे. पण ती किती बाळगावी हें ठरविण्यास आधार मिळाला. हें आपल्यापासून दूरचें आहे असेंहि नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत तांबड्या समुद्रांत जेद्दाजवळ ज्या तारा तुटल्या, त्यांतील दोन मुंबईस येऊन लागणाऱ्या होत्या, आणि आपल्या देशांतील दळणवळणासहि त्याचा धक्का बसला.

या नोंदींचें वैशिष्ट्य असें कीं, त्या घटना घडण्यापूर्वींपासून घेतलेल्या असाव्या लागतात. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाहीं, तसें तार तुटल्यावर प्रोब लावून उपयोग नाहीं. कारण नेहमींची स्थिति कोणती होती हें मग कोण सांगणार? म्हणून जें घर वर्षानुवर्षें कांहींहि विशेष न घडतां रोज तीच तीच मापें लिहीत राहतें, त्याचे उपकार मोठे. निरस वाटणाऱ्या नोंदीचें मोल संकटाच्या दिवशीं कळतें.

आतां स्नेह्यांनीं काढलेल्या शंका. त्या योग्य होत्या, आणि आमच्या वाचकांच्या मनांतहि येतील.

पहिली शंका अशी: परक्या संस्थेचें यंत्र घरांत घेतलें, तें आपलें बोलणें ऐकत असेल काय? प्रोब घरांतील इतर माणसांची ये-जा पाहत नाहीं; तो आपण होऊन बाहेर पाकिटें पाठवितो आणि त्यांचींच उत्तरें मोजतो. ही संस्थेची जाहीर रीत आहे, व कार्यक्रमाचा मजकूरहि जाणकारांस पाहण्यास खुला आहे. ज्यांस इतक्यानें समाधान होत नाहीं, त्यांनीं राउटरमध्यें प्रोबाकरितां वेगळी खोली करून द्यावी, म्हणजे घरच्या इतर यंत्रांशीं त्याचा संबंधच येत नाहीं. आमच्या भाच्यानें तसेंच केलें आहे. पाहुण्यास ओसरी द्यावी, कोठीची किल्ली देऊं नये; यांत पाहुण्याचा अपमान नाहीं.

दुसरी शंका अधिक खोल आहे. या यंत्राकडून मापें घेण्याची मागणी जगांतील कोणीहि नोंदलेला मनुष्य करूं शकतो. मग आमच्या घराच्या नांवें त्यानें भलत्याच ठिकाणीं कांहीं विचारलें तर? याचा विचार चालकांनींहि केलेला आहे. संकेतस्थळाचें पान मागविण्याची मापें कोणत्याहि स्थळाकडे करतां येत नाहींत. तीं केवळ अँकर म्हणून नेमलेल्या त्यांच्याच जोडीच्या यंत्रांपुरतीं ठेविलीं आहेत. तथापि नांवाचा क्रमांक विचारणें किंवा पिंग करणें यांवर असें बंधन नाहीं. तेव्हां जोखीम लहान आहे, पण मुळींच नाहीं असें म्हणणें खरें होणार नाहीं. घरांतील कर्त्या माणसांनीं हें समजून घेऊनच निर्णय करावा. जोडणी घरमालकाच्या किंवा कचेरीच्या नांवावर असेल, तर त्यांची संमति घेतल्यावांचून प्रोब लावूं नये. आणि कंपनीच्या करारांतील अटीहि वाचून पाहाव्यात.

तिसरी शंका प्रसिद्धीची. मापें सर्वांस खुलीं असतात, आणि प्रोब केव्हां जोडलेला होता व केव्हां तुटला हेंहि दिसतें. नकाशावर प्रोबाची जागा मुद्दाम थोडी सरकवून दाखवितात. तथापि वर्णनाच्या रकान्यांत आपलें नांव, पेठ, इमारत लिहिण्याची हौस करूं नये. खर्चाविषयीं म्हणाल तर वीज अगदींच थोडी, आणि पाकिटांचा भार एखादें चलच्चित्र पाहण्याच्या मानानें नगण्य. ज्यांची जोडणी मोजून पैसे देण्याची आहे, त्यांनीं मात्र आधीं विचार करावा.

याच्या मोबदल्यांत पैसे मिळत नाहींत. प्रोब जोडलेला असेल तर दर मिनिटास पंधरा, म्हणजे दिवसास २१,६०० क्रेडिट खात्यावर जमा होतात, आणि तीं खर्च करून आपणहि जगांतील इतर प्रोबांकडून मापें घेऊं शकतों. "म्हणजे पुण्यसंचयच कीं!" असें सौभाग्यवती म्हणाल्या. नातवानें त्यांतील थोडें पुण्य वेंचून आत्याच्या देशांतील दहा प्रोबांकडून आमच्या घरापर्यंतची वाट मोजविली, आणि ती वाट दहाहि ठिकाणाहून सारखी नाहीं हें पाहून तो दिवसभर तेंच सांगत होता. त्याच्या शाळेच्या पुस्तकांत इंटरनेट हा एक ढग काढलेला आहे. आतां त्यास ठाऊक आहे कीं तो ढग नव्हे; त्या तारा आहेत, त्या कोणीतरी टाकल्या आहेत, आणि त्या भिजतात व तुटतात.

एक पथ्य मात्र सांगितलें पाहिजे. हें व्रत अर्ध्यावर सोडण्यासारखें नाहीं. चार दिवस बाहेरगांवीं जातांना घरची वीज बंद करण्याची आमची जुनी संवय, गेल्या खेपेस निघतांना आम्ही मुख्य बटणाकडे हात नेला, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "थांबा, त्या बिचाऱ्याची नोंद तुटेल." पहिल्या दिवशीं "हें आपल्याकरितां करतें तरी काय?" असें ज्यांनीं विचारिलें होतें, त्याच या. आम्हीं तेवढा एक दिवा चालूं ठेवून कुलूप लाविलें.

असो. प्रत्येक घरानें प्रोब लावावा असा आमचा आग्रह नाहीं. ज्यांस सोय व आवड असेल त्यांनीं अवश्य लावावा. आपल्या प्रांतांतून, विशेषतः लहान गांवांतून, अशा नोंदींची उणीव आहे. परंतु ज्यांस तें जमणार नाहीं त्यांनींहि एवढें करावें कीं, पुढच्या खेपेस इंटरनेट अडलें, तर दाराशीं आलेल्या मुलावर शब्द टाकण्यापूर्वीं कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणत्या खोलींत, तारेनें कीं हवेंतून, हें चार ओळींत लिहून काढावें. आणि राउटर लोखंडी कपाटाच्या मागें नाहीं ना, हें एकदां वांकून पाहावें. आम्हीं तें पाहिलें असतें, तर एका गरीब मुलाच्या पगाराचे ते पैसे त्याच्याकडेच राहिले असते.